प्रेस शॉपवाल्यांसाठी तासभर

कुरुळी,
५ जानेवारी २०२५

चि. तनुजा,

मामाचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझ्या मोबाइलचा स्पीकर बिघडलाय. समोरचा माणूस पाण्यात बसून बोलायलाय असं वाटतं. टाइप करायला माझी बोटं जाड पडतात. म्हणून कागद. तुझे यजमान कुलदीपराव रोज आमच्या फाट्यावरूनच चाकणला कंपनीत जातात, त्यांच्या हाती देतो. तूही उत्तर त्यांच्याच हाती दे.

बातमी अशी की मी गाण्याचा सेट घेतला. निगडीचे एक साहेब मुलीकडं राहायला निघाले होते, त्यांनी दिला. एक अॅम्प्लिफायर, माझ्या मांडीएवढे उंच दोन लाकडी स्पीकर आणि पेन ड्राइव्ह लागतो असा एक प्लेअर. तुझी मामी म्हणाली, रिटायर झालेली माणसं देवदर्शनाला जातात, तुम्ही खोकी आणली.

तनू, सत्तावीस वर्षं मी प्रेसवर काढली. पत्रा आत, धाड, गाडीचा दरवाजा बाहेर. पुन्हा पत्रा आत. औशाहून आलो तेव्हा वाटलं होतं दोन-चार वर्षं करू आणि परत जाऊ. एवढ्या वर्षांत एक गाणं मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकलेलं नाही. माझ्या लाइनीवरच्या कुणीच नाही. आम्ही गाणी ऐकली ती कंपनीच्या बसमध्ये, डुलक्या घेत.

म्हणून ठरवलंय. एक मेला, कामगार दिनाच्या सकाळी, आमच्या लाइनीवरच्या सहा जणांना घरी बोलवायचं आणि तासभर गाणं ऐकवायचं. सत्कार नाही, भाषण नाही. मोबाइल दाराशी चपलांजवळ ठेवायचे. चहा नंतर.

काय ऐकवायचं ते तू निवड. गाडीत बसून आवाज मोजायचा पगार घेतेस, तुझ्याएवढं जाणतं माणूस आपल्या घराण्यात दुसरं कुणी नाही.

तुझा,
उद्धवमामा

•

रावेत,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र पोचलं. कुलदीपने ते डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे एका कोपऱ्याला मटकीच्या उसळीचं तेल लागलंय, पण अक्षर वाचता आलं. किती वर्षांनी मला कुणी पत्र लिहिलं!

मी मात्र घरी अडकले आहे. पार्किंगच्या पायरीवरून घसरून उजव्या पायाचा घोटा मोडला. प्लास्टर आहे. नवव्या मजल्यावर पोटावर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम करते. तुम्ही आणि मामी या की एखाद्या रविवारी. रावेत काही परदेशात नाही.

आता सेटचं. स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवले असतील तर हातभर पुढे घ्या. कोपऱ्यात तर अजिबात नको, खालचा आवाज फुगतो. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं, तिघांमध्ये सारखं अंतर पाहिजे. समोर काचेचं कपाट असेल तर त्यावर चादर टाका.

पेन ड्राइव्हमध्ये तीन गोष्टी पाठवते. एक संतूर, रागदारी आहे पण सोपी, पाणी वाहतं तशी. दुसरी एका बाईंची ठुमरी. तिसरं भजन. ते माझ्या मैत्रिणीने मावळातल्या एका मंडळात बसून स्वतः रेकॉर्ड केलंय, बाजारात मिळणार नाही. तिन्ही ऐका आणि खरं खरं कळवा. मला वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नका.

तुमची,
तनुजा

•

कुरुळी,
२० जानेवारी २०२५

चि. तनू,

आशीर्वाद. पाय जप. आम्ही येणारच होतो, पण माझे गुडघे धरलेत आणि मामीच्या मागं कामं लई. बघू पुढच्या महिन्यात.

खरं खरं कळवायचं म्हणालीस, म्हणून कळवतो. संतूर जमलं नाही. ओल्या लाकडावर कुणी टिचक्या मारायलंय असं वाटतं. तूच म्हणतेस पाणी वाहतं, मला तर नळाला हवा आल्यासारखं झालं. ठुमरीच्या बाई गुणी असतील, पण रेकॉर्डिंग कमजोर आहे. शब्दच कळत नाहीत, बाई तोंडातल्या तोंडात गातात. आवाजाचं बटण घड्याळातल्या तीनपर्यंत नेलं तेव्हा कुठं जरा काही हाती लागलं.

भजन मात्र एक नंबर! पखवाज काय घुमतो, आणि बुवांचा आवाज छातीत बसतो. तू निवड पण बरोबर केलीस. टाळ नसलेलं भजन शोधून काढलंस. टाळ आले की नुसता कल्ला होतो, बाकीचं काही ऐकू देत नाहीत. असलीच आणखी पाठव, बिनटाळाची.

मामीला गाण्याची आवड नाही हे आता नक्की झालं. मी सेट लावला की ती पदर खोचून शेजारी चतुराबाईंकडं जाऊन बसते. बंद केला की परत येते. असू दे. ज्याची त्याची आवड.

तुझा,
उद्धवमामा

•

रावेत,
२३ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

त्या भजनात टाळ आहेत. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आहेत, आठ माणसांच्या हातात आठ जोड. मला वाटलं मी चुकीची फाइल पाठवली की काय, म्हणून इथे पुन्हा लावून पाहिलं. कुलदीपला ऐकवलं. तो म्हणाला, यात टाळांशिवाय दुसरं काय आहे?

मामा, तुमच्या मोबाइलचा स्पीकर बिघडलेला नाही ना?

मी आवाज मोजण्याचं काम करते, म्हणून मला दिसतंय ते लिहिते. प्रेसच्या आवाजात वर्षानुवर्षं काढली की कान वरच्या टोकाकडून जातात. टाळ, घुंगरू, संतूर, बायकांच्या बोलण्यातले स आणि श, हे आधी जातं. खालचं राहतं. म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, समोरचेच नीट बोलत नाहीत.

चिंचवडला कान तपासतात. तासाभराचं काम आहे. जाल का?

तुमची,
तनुजा

•

कुरुळी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजाबाई,

मंजुळामामीचा आशीर्वाद. मी सातवी शिकलेली हाय, चुकीचं सुधारून वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मामानं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आन् त्या खोक्यावर चादर टाकली. दोन आठवडे झाले, सेटला हात नाई. मला काही बोलले नाईत. तुलाबी लिहिणार नाईत. म्हणून मी लिहायले.

सदरा धुताना खिशातलं तुझं पत्र मी वाचलं. तू लिहिलंस ते खरं हाय. मला सहा वर्षांपासून ठाऊक हाय. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नाई. मी डाव्या अंगाला बसून बोलते, कारण डावा कान जरा बरा हाय, पण हे त्यांना कधी जाणवू दिलं नाई. तुझ्याकडं येत नाईत तेबी ह्याचमुळं. समोर बसून बोललं की तू पकडशील. गुडघ्याला काही झालेलं नाई, रोज आळंदी फाट्यापर्यंत चालत जातेत.

आन् एक. मला गाण्याची आवड नाई असं त्यांनी तुला लिहिलंय का? मी कपडे वाळत घालताना मला ऐकवत होते, तनूला कळवलं म्हणून. बाई, ते सेट लावतेत तवा घरातली भांडी थरथरतेत, माझं डोकं धरतं. चतुराबाईच्या घरात दोन भिंती मधी येतेत, तिथं आवाज अगदी बेताचा येतो. मी अन् चतुराबाई मेथी निवडत सगळं ऐकतो. ते पाण्यावानी वाजत होतं ते लई ग्वाड हाय. ठुमरीतली बाई सजणाला काय म्हणते ते शब्दन् शब्द मला पाठ झालंय.

हे त्यांना सांग. मी सांगितलं तर त्यांना खोटं वाटंल.

तुझी,
मंजुळामामी

•

रावेत,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुम्ही रागावला आहात. रागवा. पण चादर काढा.

आधी मामींचं सांगते, त्यांनी सांगायला सांगितलंय. त्या गाणं टाळायला शेजारी जात नाहीत, ऐकायला जातात. तुमच्या खोलीत आवाज सोसत नाही म्हणून दोन भिंतींपलीकडून ऐकतात. संतूर त्यांना आवडलं. ठुमरी पाठ आहे. विचारून बघा.

आता माझं. चूक माझी झाली. तुम्ही विचारलंत काय ऐकवू, आणि मी मला आवडतं ते पाठवलं. ऐकणारं कोण आहे हे मी विचारलंच नाही. या वेळी दुसरं पाठवते. सुरबहार म्हणजे सतारीची थोरली बहीण, आवाज विहिरीतून आल्यासारखा. रुद्रवीणा त्याहून खोल. सरोदवर खालच्या सप्तकातला दरबारी. पखवाज एकट्याचा. दोन-तीन भरदार गळ्याचे गवई. वरचं टोक गेलं तरी खाली केवढं मोठं घर आहे ते बघा.

एक अट आहे. बटण घड्याळातल्या नऊवर. आणि मामी खोलीत बसलेल्या पाहिजेत. मामी उठून गेल्या तर गाणं बंद.

कान तपासायचं पुन्हा म्हणणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची,
तनुजा

•

कुरुळी,
२ मार्च २०२५

चि. तनू,

आशीर्वाद. तीन आठवडे लावले, कारण करून दाखवल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

राग का आला ते आधी सांगतो. प्रेसमध्ये माझं नाव कानासाठी होतं. डायला, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याला, केसाएवढी चीर गेली तरी धाडचा आवाज बदलतो. क्वालिटीवाल्यांच्या आधी मला कळायचं. मोठे साहेब बोलवायचे, उद्धवराव, जरा कान लावा. मी चालत्या लाइनीत उभा राहायचो, डोळे मिटायचो आणि सांगायचो, तीन नंबर थांबवा. एकदाही चुकलो नाही. कंपनी कानात घालायला बोंडं द्यायची. मी ती खिशात ठेवायचो. बोंडं घातली तर डाय कशी ऐकू? ज्या कानानं मला मान दिला तो मी त्याच मशीनला देऊन टाकला, आणि तू ते चार ओळींत लिहून पाठवलंस. सोसलं नाही.

मग मामीला विचारलं, ठुमरीतली बाई काय म्हणते? ती भाकरी थापत होती. थापता थापता तिनं सगळं म्हणून दाखवलं. बत्तीस वर्षांत मी तिला कधी काही म्हणताना ऐकलं नव्हतं. म्हणजे ती म्हणत असंलही. आता काय सांगावं.

दुसऱ्या दिवशी चिंचवडला गेलो. काचेच्या खोलीत बसवतात. करिष्मा नावाची मुलगी होती, तुझ्याएवढी. म्हणाली, काका, आवाज आला की बटण दाबा. पहिल्या काही आवाजांना दाबलं. मग मी वाट बघत बसलो. काचेतून दिसायचं, तिचं बोट मशीनवर हलायलंय, ती माझ्याकडं बघायलीय, पुन्हा बोट हलतं. आणि मला काही नाही. तेव्हा कळलं की जे येत नाही ते येत नाही हेसुद्धा आपल्याला कळत नसतं.

दोन्ही कानांत यंत्रं बसवली. पहिल्या दिवशी पेपरचं पान उलटलं तर पत्रा फाटल्यासारखं झालं. माझ्याच चपलांना घाबरलो. गाणं लावलं तर डबा वाजवल्यासारखं. काढून फेकणार होतो. मामी म्हणाली, "प्रेसवर पहिल्या दिवशी हात जमला होता का?" नव्हता जमला. महिना लागला होता.

तर रोज सकाळी अर्धा तास बसायलोय. बटण नऊवर. मामी डाव्या अंगाला नाही, समोर बसते. एक मेचा बेत पक्का आहे. एक दिवसही मागं-पुढं होणार नाही.

तुझा,
उद्धवमामा

•

रावेत,
८ मार्च २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र कुलदीपला मोठ्याने वाचून दाखवत होते. मध्येच थांबले, मग त्याने घेतलं आणि पुढचं त्याने वाचलं.

यंत्राचं ऐका. ती बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात, गाण्याला गोंगाट समजून दाबतात. संगीतासाठी वेगळं सेटिंग असतं. करिष्माला सांगा, ती पाच मिनिटांत करून देईल.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या लाइनीवरच्या त्या सहा जणांचं काय? तेही त्याच धाडधाडीत उभे होते. तुमच्या कानात यंत्र आहे, त्यांच्या नाही. तुम्ही यंत्र लावून जे निवडाल ते त्यांना ऐकू येईलच असं नाही. आणि आवाज वाढवून भागणार नाही हे तुम्ही पाहिलंतच.

एकेकाला भेटून या. मग ठरवू. माझं प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालते.

तुमची,
तनुजा

•

कुरुळी,
१९ एप्रिल २०२५

चि. तनू,

आशीर्वाद. तू म्हणालीस तसा सहाही घरं फिरलो. कुणी मोशीला, कुणी चिखलीला, कुणी इथंच.

आबाजी म्हणजे कुरुळीचे जुने रहिवासी, त्यांच्याच शेतावर आता शेड उभ्या आहेत. मी काहीही म्हटलं की ते हसून मान हलवतात. मी म्हटलं, आबाजी, तुमची म्हैस मेली का? तर हसून मान हलवली. म्हैस समोर उभी होती. मला आधी हसू आलं, आणि मग रस्ताभर काही सुचेना.

बुद्धरत्न चिखलीला राहतो. आमच्यात सगळ्यात लहान, पंचेचाळिशीचा, अजून ड्यूटीवर आहे. टीव्ही असा लावला होता की पायऱ्यांवरच बातम्या कळल्या. म्हणाला, "माझे कान एकदम फिट आहेत." मी यंत्र काढून दाखवलं. तर भडकला. "बहिऱ्यांचा मेळावा भरवायलात का उद्धवराव? मला त्यात मोजू नका. नोकरी आहे माझी. ही गोष्ट वर गेली तर लाइनीवरून काढून गेटवर बसवतील." त्याचंही खोटं नाही. मी दुसऱ्यांदा गेलो, तो दार उघडून पाठ फिरवून आत गेला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एवढंच म्हटलं, कानाचं कुणी काही विचारणार नाही, तू फक्त बस. त्यानं टीव्ही आणखी मोठा केला.

आता निवडीचं. मी रीत बदलली. यंत्रं काढून ठेवायची आणि उघड्या कानानं बसायचं, कारण ते सहा जण तसेच बसणार. मामी समोर, तिचे कान शाबूत. दोघांच्या हातात एकेक कागद. गाणं संपलं की ज्याला पटलं त्यानं बरोबरची खूण करायची, एकमेकांचं बघायचं नाही. दोघांची खूण पडली तरच ते गाणं राहणार.

एकतीस गाणी लावली. भांडणं लई झाली. एकट्या पखवाजावर मी जीव टाकला, तिनं फुली मारली. म्हणाली, अर्धा तास तेच तेच, मला तर तुमची प्रेसच चालू आहे असं वाटलं. तिला संतूर ठेवायचंच होतं, मी म्हटलं मला टिचक्याच येतात, ती रुसली. शेवटी दोघांनीही आपापलं सोडून दिलं. एका गवयाचं गाणं मला फार आवडलं होतं, तर ती म्हणते यात मागं एक बारीक पेटी आहे ती सारखी बेसूर होते. मला पेटीच ऐकू आली नव्हती. तेही गेलं. जे गाणं तिला टोचतं ते मी लोकांना ऐकवणार नाही.

एकतीसमधली नऊ उरली. सगळी मिळून बरोबर तासभर, दहा ते अकरा. एका वेळी एक किंवा दोनच वाद्यं, घाई कुठं नाही, आणि शब्द असतील तिथं गवई एकेक शब्द तोंड भरून म्हणतो. सुरुवात सुरबहारनं, मध्ये गाणारे, शेवट रुद्रवीणेवर. क्रम मामीनं लावला.

बसायला खुर्च्या काढून टाकल्या. लाकडी दिवाण आणि जमिनीवर फळ्या, म्हणजे खालचा आवाज अंगालाही लागतो. तू ये. काठी घेऊन ये.

तुझा,
उद्धवमामा

•

रावेत,
२६ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

मला येता येणार नाही. ऑफिसला रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात नव्या गाडीच्या टेस्टिंगसाठी इंदूरकडे जावं लागतंय, चार मेला परत. फार चरफडले.

माझ्या नोकरीत माणसं ठरवतात की गाडीत कुठला आवाज असावा आणि कुठला नसावा. त्यासाठी वीस लाखांचे मायक्रोफोन लावतो. तुम्ही दोघांनी दोन कागद घेऊन जे केलंत ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.

बुद्धरत्नकाकांकडे चौथ्यांदा जाऊ नका. त्यांना ठरवू द्या.

एक मेला दहा वाजता मी जिथे असेन तिथे गाडी थांबवणार आहे. नंतर सगळं लिहा. कोण आलं, कोण कुठे बसलं, सगळं.

तुमची,
तनुजा

•

कुरुळी,
२ मे २०२५

चि. तनू,

आशीर्वाद. सगळं लिहितो.

पाच जण आले. दहाच्या आधीच आले, शिफ्टची सवय. इस्त्रीचे कपडे घालून, जणू कुणाच्या साखरपुड्याला. मोबाइल चपलांजवळ ठेवा म्हटलं तर मोशीचे मारुतराव म्हणाले, एवढी भारी वस्तू चपलेत कशी ठेवू, म्हणून त्यांनी टोपीत गुंडाळून ठेवला. आबाजी दिवाणावर, स्पीकरला लागून. बाकीचे फळ्यांवर. मामी आणि चतुराबाई समोर बसल्या. बायका बसल्यात बघून मंडळी अवघडली, पण मामी म्हणाली, "मी नाई उठणार, हे गाणं मी निवडलंय."

मी कानातली यंत्रं सगळ्यांदेखत काढली आणि टेबलावर ठेवली. काही सांगितलं नाही. बटण नऊवर आणलं आणि लावलं.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांना वाटलं अजून सुरू व्हायचंय, हे नुसतं मशीन तापायलंय. मारुतराव मोठ्यानं म्हणाले, "आवाज वाढवा की राव!" माझा हात बटणाकडं गेला होता, तनू. मामीनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी हात मागं घेतला.

मग मारुतराव जरा पुढं सरकले. फळीवर तळहात टेकला. मग दुसऱ्यानं टेकला. आपोआप सगळ्यांची डोकी पुढं आली, जशी लाइनीवर जॉब बघताना यायची. सुरबहार संपली तरी तळहात फळ्यांवरच होते. गवयाच्या वेळी मारुतराव एकेक शब्द ओठांनी मागनं म्हणत होते. शब्द कळतात म्हणून त्यांना एवढा आनंद झाला होता की चुकीच्या जागी वाहवा म्हणाले. कुणी हसलं नाही.

चौथं गाणं चालू असताना दारात बुद्धरत्न आला. कंपनीचा शर्ट, सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला निघाला होता म्हणे. उंबऱ्यात उभा राहिला. मी या म्हटलं नाही. दोन गाणी उभ्यानं ऐकली, मग तिथंच उंबऱ्यात बसला. जरा वेळानं बघितलं तर बूट काढलेले होते.

शेवटी रुद्रवीणा. अकरा मिनिटांची आहे. खालून खालून चालते. आबाजींनी कान स्पीकरच्या लाकडाला लावला होता आणि डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. शेवटचा सूर लांब जातो, बारीक होत होत संपतो. संपल्यावर मी प्लेअर बंद करायला उठलो.

तर आबाजी म्हणाले, "थांबलं."

मी म्हटलं, "हो, संपलं आबाजी. चहा घेऊ."

"तसं न्हाई." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "माझ्या डोक्यात शिट्टी हाय. प्रेस सोडल्यापासनं हाय. झोपलो तरी वाजती, जेवलो तरी वाजती. कुणाला सांगितली न्हाई. हे वाजाय लागलं आन् ती दबली. मग हे थांबलं, आन् त्याच्याबरुबर तीबी थांबली."

मी विचारलं, "आता?"

"आता पुन्हा आली. पर मधी थांबली हुती. एवढे आकडे मोजंपर्यंत." त्यांनी हाताची पाच बोटं पसरली.

मग उंबऱ्यातून बुद्धरत्न बोलला. मोठ्यानं, जसा तो नेहमी बोलतो. "मलापण आहे. डाव्या बाजूला." आणि मारुतराव म्हणाले, "मला तर वाटायचं ती पंख्याची हाय. तीन पंखे बदलले मी." मग मात्र सगळे हसले, मारुतरावही हसले, आणि हसता हसता एकेकजण हात वर करायला लागला, जसं युनियनच्या मीटिंगमध्ये करायचो. सहाचे सहा. मी सातवा. सत्तावीस वर्षं एका लाइनीवर खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

सोमवारी सगळे चिंचवडला जायलोत. बुद्धरत्नही येतो म्हणाला. रजा टाकणार आहे, कारणात काय लिहायचं ते मात्र त्यानं विचारून घेतलं. मी म्हटलं, खरं ते लिही.

मामी चहा ठेवायला उठली, तर आबाजींनी हात वर करून तिला थांबवलं. म्हणाले, "वहिनी, च्या नंतर. उद्धवराव, ते शेवटचं पुन्हा लावा. मला त्याचं थांबणं पुन्हा ऐकायचंय."

बुद्धरत्न उंबऱ्यातून उठून आत आला, आबाजींशेजारी बसला आणि त्यानंही कान लाकडाला लावला.

आम्ही पुन्हा लावलं.

तुझा,
उद्धवमामा